गोव्यातला हिवाळा आणि कीटकभक्षी झाडे: फ्रिजमध्ये काय घालावे, काय घालू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, एक गॅलरी उत्तरेला आणि एक दक्षिणेला. झाडे म्हणजे चार व्हीनस फ्लायट्रॅप, तीन सरासेनिया, व्हेंट्राटा जातीच्या दोन घटपर्णी, केप दवबिंदूची एक कुंडी, आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, उगवणाऱ्या बर्मानी दवबिंदूचा एक ट्रे आणि एक मेक्सिकन बटरवर्ट. परदेशी व्हिडिओंत नोव्हेंबर लागला की पाणी कमी करा, झाडे गुंडाळा, फ्रिजमध्ये घाला असे सांगतात. गोव्यात यातले काय करायचे, कधी करायचे आणि कोणत्या झाडाला?

आधी निकाल सांगतो. फ्रिज फक्त फ्लायट्रॅप आणि सरासेनियाला, कारण त्यांना हिवाळी झोपेसाठी गारवा लागतो. घटपर्णीला थंडीची भीती नाही, तिचे नुकसान होते ते कोरड्या हवेने. केप दवबिंदूला हा वर्षातला सर्वांत चांगला काळ, त्याला छेडू नका. बर्मानीचे आयुष्यच संपत आलेले असते, तेव्हा बी गोळा करा. बटरवर्टचे पाणी कमी करा. युरोप-अमेरिकेतल्या सूचना गारठ्यापासून झाडे वाचवण्यासाठी असतात. आपल्याकडे जानेवारीतही किनाऱ्यालगत रात्री पारा सरासरी १९-२० अंशांपर्यंतच उतरतो. वाळपई, सांगे, मोले या भागांत तो आणखी तीन-चार अंश उतरतो, एवढाच फरक. त्यामुळे बहुतेक झाडांपुरती आपली तयारी पाणी, ऊन आणि हवेतला ओलावा या तिघांची.

पाण्याचा हिशेब ऑक्टोबरातच मांडा

हिवाळ्यात मेलेल्या झाडांपैकी बहुतेकांचा जीव खरे तर क्षारांनी घेतलेला असतो. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ट्रेमध्ये आपोआप स्वच्छ पाणी पडते आणि जुने वाहून जाते. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत ते बंद होते आणि ट्रेमधले पाणी फक्त उडत राहते. पाणी उडते, क्षार मागे राहतात.

साठ सेंटिमीटर लांब आणि चाळीस रुंद असा एक ट्रे घ्या. कोरड्या दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज ५ मिलिमीटरच्या आसपास उतरते असे धरले, तर त्या ट्रेला दिवसाला सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी लागेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत २०० दिवस धरा, म्हणजे २४० लिटर. हे पाणी १०० पीपीएम टीडीएसचे, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचे असेल, जे पिण्यासाठी उत्तम समजले जाते, तर पावसाळा येईपर्यंत त्या एका ट्रेमध्ये २४ ग्रॅम क्षार साठतील. चार-पाच चमचे मीठच ते. १० पीपीएमचे पावसाचे पाणी वापरले तर हाच आकडा अडीच ग्रॅमच्या आत राहतो. जी झाडे मुळात अन्न नसलेल्या दलदलीत वाढली आणि म्हणून किडे खाऊ लागली, त्यांच्या मुळांना हा फरक फार मोठा आहे.

म्हणून परतीच्या पावसाच्या गडगडाटी सरी वाया घालवू नका. १० चौरस मीटर पत्र्यावर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी मिळते. अशा दोन-तीन चांगल्या सरींत २०० लिटरचा निळा ड्रम भरतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्या, धूळ आणि शेवाळ जाऊ दे. पत्रा किंवा मंगळुरी कौले चालतात. सिमेंटचे पत्रे, नवीन गिलावा केलेली गच्ची किंवा चुना लावलेली पन्हाळ असेल तर त्यावरचे पाणी घेऊ नका, त्यात चुना उतरतो. फ्लॅटमध्ये ड्रमला जागा नसेल तर २० लिटरचे कॅन रांगेने पलंगाखाली ठेवले तरी काम भागते. ड्रमवर दुहेरी मच्छरदाणी बांधा आणि वर झाकण. उजेड आत गेला की शेवाळ धरते.

साठा संपल्यावर काय? पाणीपुरवठा ओपाचा असो, अस्नोड्याचा असो वा साळावलीचा, नळाखाली टीडीएस मीटर धरून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मीटर काही शे रुपयांत येतो आणि या छंदातली ही सर्वांत उपयोगी खरेदी आहे. ५० पीपीएमच्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. ५० ते १०० असेल तर निभावून नेता येते, पण दर पंधरा दिवसांनी कुंडीवरून भरपूर पाणी ओतून ट्रे रिकामा करा. विहिरीचे पाणी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत बऱ्याचदा मऊ, कमी क्षारांचे निघते. मात्र किनाऱ्याजवळच्या आणि खाजणाशेजारच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळच्या) विहिरी उन्हाळ्याकडे खारावतात. नोव्हेंबरात ४० दाखवणारी विहीर एप्रिलमध्येही ४० दाखवेल असे समजू नका, महिन्याला एकदा मोजा.

घरच्या आरओबद्दल एक गैरसमज. आरओ म्हणजे शुद्ध पाणी असे धरून लोक बिनधास्त घालतात, पण हल्लीच्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस वाढवणारा व्हॉल्व्ह किंवा खनिजांची कांडी असते. मोजाल तर सहज ८० ते १५० निघते. तंत्रज्ञाला सांगून व्हॉल्व्ह बंद करून घेता येतो किंवा खनिजांच्या कांडीच्या आधीची नळी काढून घेता येते. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घालायची आपल्याकडे चांगली सवय आहे. ते जास्वंदीला घाला. फ्लायट्रॅपला ते विष आहे, कारण सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात. एसीचे पाणी चालते, पण एसी हिवाळ्यात बंद असतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

डासांचे भान ठेवा. ट्रेमधले पाणी पाच-सहा दिवसांनी पूर्ण ओतून टाका आणि एक दिवस ट्रे कोरडा राहू द्या. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे एवढे पुरते. कुंड्यांतले मिश्रण एका दिवसात वाळत नाही.

ऊन सरकते, तुम्हीही कुंड्या सरकवा

गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकून दुपारीही क्षितिजापासून ५१ अंशांवरच राहतो. याचा अर्थ मे-जूनमध्ये ऊन घेणारी उत्तरेची गॅलरी नोव्हेंबरात सावलीत जाते आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन भिंतीपर्यंत आत येते. उन्हाची झाडे म्हणजे सरासेनिया, फ्लायट्रॅप आणि दवबिंदू ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडे हलवा. घटपर्णीला मात्र त्याच दक्षिणेच्या गॅलरीत कठड्यापासून मागे, भिंतीलगत ठेवा किंवा ५० टक्क्यांची शेडनेट लावा. ज्यांचे जुने घर आणि बाल्कांव (दारापुढची छप्पर असलेली ओसरी) आहे त्यांना आयतीच जागा मिळते: वर छप्पर, बाजूने उजेड, वाऱ्याला आडोसा.

काचेच्या पेटीत झाडे ठेवणाऱ्यांनी विशेष जपावे. उन्हाळ्यात जिथे ऊन कधीच पोचत नव्हते त्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात डिसेंबरात दोन-तीन तास तिरपे ऊन येऊन पडते आणि झाकण बंद असेल तर आतली झाडे अक्षरशः शिजतात. सकाळी ठीक दिसणारी पेटी संध्याकाळी काळी पडलेली सापडते आणि दोष बुरशीला दिला जातो.

फ्लायट्रॅप: थंडी विकत घ्यावी लागते

फ्लायट्रॅपचे मूळ ठिकाण अमेरिकेच्या दोन्ही कॅरोलायनांत, विल्मिंग्टन शहराच्या परिसरातल्या किनारी दलदलीत. तिथे डिसेंबरात दिवस दहा तासांपेक्षाही लहान होतो आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ येतो. आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही ११ तास १० मिनिटांचा. झाडाला दिवस थोडा आखडल्याचे कळते, वाढ मंदावते, पाने जमिनीलगत बसकी येतात, पण झोपावे इतकी थंडी त्याला मिळत नाही. पहिला हिवाळा असाच गेला तरी झाड तगते, म्हणून विक्रेते छातीठोकपणे सांगतात की काही करायची गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सापळे नखाएवढे होतात, मिटायला वेळ लागतो, कंद बारीक होत जातो आणि एखाद्या मे महिन्यात झाड बसते. ट्रेमध्ये बर्फाचे खडे टाकण्याचा उपाय बरेच जण करतात. त्याने काही साधत नाही. बर्फ अर्ध्या तासात वितळतो आणि मुळे पुन्हा गॅलरीच्या तापमानाला येतात. झाडाला आठवडेच्या आठवडे सलग गारवा हवा असतो.

तेव्हा फ्रिज. वेळ अशी निवडा की झाड बाहेर येईल तेव्हा मार्चचा उन्हाळा सुरू झालेला नसेल. परदेशी वेळापत्रकानुसार डिसेंबर ते मार्च केले तर अडीच-तीन महिने ५ अंशांत राहिलेले झाड एकदम ३३ अंशांत येते. माझ्या मते आपल्यासाठी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला आत आणि फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर हेच योग्य. बारा आठवडे मिळतात, दहा मिळाले तरी पुरेत.

त्याआधी महिनाभर किडे किंवा वाळवलेल्या अळ्या खायला घालणे बंद. अर्धवट पचलेला किडा सापळ्यात असताना झाड थंडीत गेले की पचन थांबते, किडा कुजतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. ट्रेमधले पाणीही १ सेंटिमीटरवर आणा.

फ्रिजचे तापमान आधी मोजा. भाजीच्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. ३ ते ८ अंश हवे. एक दरवाजाच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेत पारा शून्याला टेकतो, तिथे ठेवू नका. मागच्या भिंतीला टेकूनही नको, पिशवीतले पाणी गोठते. १० अंशांच्या वर असेल तर बटण एका आकड्याने पुढे करा, नाहीतर झाड ना झोपते ना वाढते आणि अंधारात पिवळे पडते.

आता झाड कुंडीतून काढा. मुळांभोवतीचे पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची माती) पावसाच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन टाका. पांढरा, खवल्याखवल्यांचा, लसणीच्या पाकळीसारखा कंद दिसेल. तो दाबून पाहा: कडक असेल तर उत्तम, तपकिरी, मऊ आणि वास येणारा भाग असेल तर स्वच्छ ब्लेडने कापून टाका. काळे सापळे काढा, हिरवी पाने राहू द्या. काही जण सगळी पाने छाटतात, त्याची गरज नाही. बसकी हिरवी पाने झाडाची शिदोरी आहेत.

बुरशीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घाला, त्यात झाड दहा मिनिटे बुडवा आणि निथळू द्या. इथे गोव्यात हमखास होणारी चूक म्हणजे माडासाठी आणि सुपारीसाठी घरात बनवलेले बोर्डो मिश्रण वापरणे. त्यात मोरचूद आणि चुना असतो. तांबेही नको आणि चुनाही नको, म्हणजे एकाच डब्यात दोन्ही शत्रू.

लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेले दलदलीतले शेवाळ, पावसाच्या पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळा. आणखी पिळल्यावर थेंबही पडता कामा नये. कंद आणि मुळे त्यात गुंडाळा, पानांचे शेंडे मोकळे ठेवा. झिप असलेल्या पिशवीत थोडी हवा राहू देऊन बंद करा. पिशवीवर जात आणि तारीख लिहा, नाहीतर घरातले कोणी तरी कोथिंबिरीबरोबर साफ करून टाकते. भाजीच्या कप्प्यात चिकू, केळी, सफरचंद यांच्यापासून दूर ठेवा. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कोवळ्या कोंबाला बाधतो. स्वतंत्र डब्यात पिशव्या ठेवल्या की हा प्रश्न बराच मिटतो. या तापमानाला झाडाचे कामकाज इतके मंद असते की उजेडाची गरज पडत नाही.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून पाच मिनिटे हवा द्या. राखाडी केसाळ बुरशी दिसली तर ते पान तळापासून काढा, कंद पुन्हा गंधकाच्या पाण्यात बुडवा आणि मॉस बदला. मॉस फार ओले असणे हेच बहुतेक वेळा कारण असते. काही पाने काळी पडणे साहजिक आहे, कंद कडक असेतोवर काळजी नको. वीज तीन-चार तास गेली तर फ्रिज उघडू नका, एवढेच.

मुळे उघडी करायचा धीर होत नसेल आणि कुंडी सात सेंटिमीटरची असेल तर पाणी निथळवून अख्खी कुंडीच पिशवीत घालून ठेवली तरी चालते. जागा जास्त जाते आणि बुरशी लवकर लक्षात येत नाही, पण पहिल्याच वर्षी हा मार्ग सोपा. एक वर्षाखालची रोपे, नुकतीच टिश्यू कल्चरच्या बाटलीतून निघालेली झाडे आणि आधीच मरगळलेले झाड मात्र फ्रिजमध्ये घालू नका. अशक्त झाड थंडीत सुधारत नाही. त्याला या वर्षी दक्षिणेच्या उन्हात, कमी पाण्यात राहू द्या आणि पुढच्या नोव्हेंबरात पाहा.

फेब्रुवारीत बाहेर काढताना घाई नको. संध्याकाळी काढा, ताज्या मिश्रणात लावा: पीट आणि परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) निम्मे-निम्मे. परलाइट ओले करून मिसळा, त्याची धूळ छातीत जाऊ नये. पहिले चार दिवस उजेडाच्या सावलीत, मग आठवडाभर फक्त सकाळचे कोवळे ऊन, त्यानंतर पूर्ण ऊन. दोन-तीन आठवड्यांत मधून नवे पान येते. सापळ्यांऐवजी जाड टोकाचा दांडा वर येऊ लागला तर ते फूल. ५ सेंटिमीटर झाला की खुडा. पुढे आपला एप्रिल-मे काढायचा असतो, फुलावर ताकद खर्च होऊ देऊ नये.

मिश्रणाबद्दल आणखी दोन गोष्टी. पीट महाग म्हणून लोक कोकोपीट घेतात. माडांच्या मुलखात ते स्वस्त, पण ते ज्यापासून बनते ती नारळाची सोडणे (बाहेरची काथ्याची साले) बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. वापरायचेच तर तीन-चार वेळा भिजवून पिळा आणि शेवटच्या पिळलेल्या पाण्याचा टीडीएस ५० च्या खाली आल्याशिवाय झाड लावू नका. आणि वाळू: खाडीच्या तोंडाजवळच्या नदीतली वाळू खारी असते आणि तिच्यात तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कवच्यांचा चुरा असतो. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली की फेकून द्या. मत्स्यालयाच्या दुकानातली पांढरी सिलिका वाळू धुऊन वापरणे बरे.

सरासेनिया

कृती तीच, फक्त कंद आडवा आणि मोठा असतो. नोव्हेंबरात जुने कलश वरून तपकिरी होत खाली येतात, तो रोग नव्हे. फ्रिजमध्ये घालताना उभे कलश ८-१० सेंटिमीटरवर कापा, आतले कुजके किडे झटकून टाका. तलवारीसारखी चपटी, कलश नसलेली हिवाळी पाने कापू नका, ती वसंतासाठी साठा करतात. ल्युकोफायला ही जात शरदात सर्वांत सुंदर पांढरे कलश काढते, त्यामुळे ती आठ-दहा दिवस उशिरा आत गेली तरी हरकत नाही.

तीन मोठे कंद फ्रिजमध्ये मावत नसतील तर? मायनर आणि सिटॅसिना या जाती मुळात अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागातल्या. त्यातल्या त्यात त्या हिवाळा गॅलरीत काढू शकतात. कुंडी जमिनीवर, रात्रीचा गार वारा लागेल अशी ठेवा, ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटरच पाणी द्या. परप्यूरिया ही उत्तरेकडची जात असेल तर जागा तिलाच द्या, तिला फ्रिजवाचून पर्याय नाही.

घटपर्णी: सकाळी दहा ते दोन

घटपर्णीवाल्यांची हिवाळ्यातली तक्रार ठरलेली असते: पाने येतात, पण घडे येत नाहीत. पानाच्या टोकाशी तंतू लांबतो, त्याला तांदळाच्या दाण्याएवढी गाठ दिसते आणि ती तिथेच तपकिरी होऊन वाळते. झाड अन्यथा हिरवेगार. अशा वेळी लोक खत घालतात आणि उरलेसुरले बिघडवतात.

कारण हवेत आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते, हवा ओली असते. दहाच्या सुमारास घाटाकडून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि दुपारी समुद्रावरचा वारा येईपर्यंत ओलावा खूप उतरतो. कोवळी गाठ याच तीन-चार तासांत वाळते. म्हणून चोवीस तास फवारे मारत बसण्यापेक्षा या वेळेचा बंदोबस्त करा. पूर्वेच्या कठड्यावर टांगलेली घटपर्णी आत घ्या. तुमच्या घरात दक्षिणेच्या गॅलरीचा पश्चिमेकडचा कोपरा योग्य. झाडे एकमेकांजवळ आणा. खाली रुंद ट्रेमध्ये चिऱ्याचे तुकडे रचून ते भिजलेले ठेवा आणि कुंडी त्यांच्यावर, पाण्यापासून वर बसवा. चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषून हळूहळू सोडतो आणि त्यात चुना नसतो. काँक्रीटचे तुकडे किंवा संगमरवराची खडी इथे नको. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगले तर आणखी चांगले. ते सकाळी नवाला भिजवा.

हाताने फवारलेले पाणी वीस मिनिटांत उडते. नळाचे असेल तर पानांवर पांढरे डाग ठेवून जाते. ह्युमिडिफायर घेतला असेल तर त्यात पावसाचेच पाणी घाला, नाहीतर तो क्षारांची बारीक पूड झाडांवर आणि टीव्हीवर पसरवतो.

घटपर्णी ट्रेतल्या पाण्यात कधीच उभी करू नका. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड सकाळी वरून पाणी द्या, खालून वाहून जाईल इतके. वरचा बोटभर थर किंचित सुकू लागला की पुढचे पाणी. कुंडी हलवताना घड्यातला रस सांडला तर पाव घडा पावसाचे पाणी घाला, काठोकाठ भरू नका. छाटणी आणि कलमे जूनसाठी ठेवा. कोरड्या हवेत कलमाची पाने मुळे फुटण्याआधीच सुकतात.

व्हेंट्राटा हा संकर आहे आणि फार सोशिक आहे. अँप्युलारिया, बायकॅल्कराटा, रॅफ्लेसियाना या सखल प्रदेशातल्या जातींना मात्र १८ अंशांखालची रात्र आवडत नाही. सत्तरी किंवा सांगे भागात त्या असतील तर रात्री घरात घ्या. मेघालयातली खासियाना थंडीला चांगली दाद देते, पण ती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतही, तेव्हा रोपवाटिकेत तयार झालेले आणि कागदपत्रे असलेलेच रोप घ्या.

कीड

कोरड्या हवेबरोबर जानेवारीपासून लाल कोळी येतात: पान वरून फिकट, ठिपक्याठिपक्यांचे, खालून बारीक जाळे. पावसाच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू तीन दिवसांआड चार वेळा धुतली की बहुतेक वेळा पुरते. घटपर्णीच्या पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड धरते. झाडावर लाल हुमले (झाडांवरचे मोठे मुंगळे) येरझाऱ्या घालताना दिसले तर समजा की कुठे तरी खवले कीड आहे आणि ते तिच्या गोड रसासाठी आले आहेत. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. फ्लायट्रॅपवर मावा आला तर अख्खी कुंडी पावसाच्या पाण्यात एक दिवसभर पूर्ण बुडवून ठेवा, झाडाला काही होत नाही. कडुलिंबाचे तेल घटपर्णीवर संध्याकाळी चालते, दवबिंदूवर अजिबात नाही, कारण चिकट थेंबच नाहीसे होतात.

समुद्राला अगदी लागून राहणाऱ्यांनी, म्हणजे कळंगुट, मिरामार, कोलवा इथल्या मंडळींनी, आठवड्यातून एकदा पाने धुवावीत. वाऱ्याबरोबर आलेले मीठ पावसाळ्यात धुतले जाते, हिवाळ्यात साठते.

उरलेली तीन

केप दवबिंदू दक्षिण आफ्रिकेतला, त्याला २० ते ३० अंश हेच हवे. आता त्याला पूर्ण ऊन, ट्रेमध्ये दीड-दोन सेंटिमीटर पाणी आणि आठवड्याला एखादा किडा द्या. बी पेरायचे, मुळांच्या तुकड्यांपासून रोपे करायची तर नोव्हेंबर ते जानेवारी यांसारखा काळ नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात तोच कोमेजतो.

मेक्सिकन बटरवर्ट दिवस लहान झाल्यावर मोठी चिकट पाने सोडून मधे लहान, गुबगुबीत, कोरड्या पानांचा गुच्छ करतो. बरेच जण झाड सुकले समजून पाणी वाढवतात आणि ते कुजवतात. ट्रे काढून घ्या, आठ-दहा दिवसांनी मिश्रण जेमतेम ओलसर करा. याच गुच्छातली चार-पाच पाने तळापासून अलगद सोडवून ओलसर वाळूवर ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येकाच्या बुडाशी रोप दिसू लागते. तुमच्या ताफ्यात चुन्याचा फारसा त्रास न होणारे हेच एक झाड आहे.

बर्मानी हा एका हंगामाचा पाहुणा. सड्यावर पावसाळ्याच्या शेवटी लालभडक होतो, पांढरी फुले येतात आणि जमीन सुकली की मरतो. कुंडीत ट्रेचे पाणी चालू ठेवले तर काही रोपे जानेवारीपर्यंत टिकतात, पण बी धरल्यावर त्यांना जगवण्यात अर्थ नाही. फुलांचा दांडा तपकिरी झाला की कागदाच्या पाकिटात उलटा धरून टिचकी मारा, मिरपुडीसारखे काळे बी पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमटपणाने बुरशी येते. पाकीट डब्यात, कोरड्या जागी ठेवा. सड्यावरच्या सीतेच्या आसवांचे, म्हणजे जमिनीवरच्या युट्रिक्युलारियांचेही असेच: हंगाम संपला की ट्रे सुकू द्या, बी मिश्रणातच राहते. सड्यांवरून रोपे उपटून आणू नका. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही तर अभयारण्ये आहेत, आणि उपटलेले रोप घरी जगतही नाही.

बर्मानीचे बी मेच्या अखेरीस पीट आणि सिलिका वाळूच्या समान मिश्रणावर नुसते पसरा, वर माती टाकू नका, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. पहिल्या सरींचा मारा बसू नये म्हणून दोन-तीन आठवडे ट्रेवर काच किंवा पारदर्शक झाकण तिरके ठेवा. उघड्यावर सोडले तर सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाते.